अंगणाचा चौथा कोपरा

“डावीकडे अजून एक वीत,” मी म्हणालो, आणि कौतिकावहिनीने चिमटीतली रांगोळी न थांबवता रेघ तशीच पुढे नेली.

सावद्याच्या आमच्या घरापुढचे अंगण त्या सकाळी नुकतेच सारवलेले होते. ओल्या शेणाचा हिरवट वास अजून हवेत होता, आणि त्या गडद भुईवर वहिनीच्या बोटांतून उतरणारी पांढरी रेघ इतकी सरळ चालली होती, की हातातली मोजपट्टी मला काही काळ निरुपयोगी वाटली. मी त्या वेळी जळगावच्या तंत्रनिकेतनात यांत्रिक रेखाटन शिकवत असे. ट्रकच्या सांगाड्याचा माझा आराखडा काखेत गुंडाळलेला होता. परंतु दादाने हट्ट धरला होता, की कागदावर त्याला काही दिसत नाही, चित्र खऱ्या मापाचे आणि खऱ्या जमिनीवर हवे. जमिनीवर वाकणे त्याला शक्य नव्हते, मला रांगोळी साधत नव्हती, आणि ज्या बाईने लग्न होऊन आल्यापासून त्या भुईवर रोज रेघा ओढल्या होत्या, तिच्याकडे ते काम न सांगताच गेले.

“लोकांच्या दारात लक्ष्मीची पावलं उमटतात,” दादा बाजेवरून म्हणाला. “आमच्या दारात ट्रक उतरू राह्यला.”

“हीबी पावलंच आहेत,” वहिनी मान वर न करता म्हणाली. “लक्ष्मीची आत येतात. ही बाहेर जाणारी.”

दादा हसला. मीही हसलो, आणि पुढचे माप सांगितले.

दादाचे नाव सुपडू. त्याच्या आधीची मुले जगली नाहीत, म्हणून मायने त्याला जन्मतःच सुपात घालून शेजारणीला देऊन टाकले होते आणि मूठभर ज्वारीच्या मोबदल्यात परत मागून घेतले होते. मागून आणलेली वस्तू घरात टिकत नसते, असे तो स्वतःच थट्टेने म्हणे. आणि खरोखरच तो घरात कधी टिकला नाही. केळीचे घड भरलेला ट्रक घेऊन तो दिल्लीच्या वाटेला लागे, रिकामा ट्रक घेऊन परत येई, अंगावर पाणी ओतून घेई, जेवी, झोपे, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता पुन्हा कुणाच्या तरी बागेत माल भरायला उभा राही. मग चंबळच्या अलीकडे एका वळणावर ट्रक उलटला. दादा वाचला; पण डावा गुडघा असा जुळून आला, की तो पाय पुढे काठीसारखा ताठच राहिला. मालकाने दुसरा चालक नेमला. त्यात मालकाचा दोष नव्हता. उंच केबिनमध्ये चढता येत नाही आणि चढवून बसवले तरी पाय मुडपत नाही, अशा माणसाच्या हाती तो ट्रक देणार तरी कसा?

त्यानंतरचे वर्ष दादाने बाजेवर काढले. तो रागावत नसे, कण्हत नसे. केवळ भिंतीकडे तोंड करून निजून राही. कुणी बोलावले तर वळे, उत्तर देई, आणि पुन्हा भिंतीकडे वळे. त्या पाठीसारखी भयंकर गोष्ट मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिली आहे.

आणि एके दिवशी, मी सुट्टीवर आलेलो असताना, तो अचानक उठून बसला व म्हणाला, “डिगू, चासी आपण बांधू.”

चासी म्हणजे ट्रकचा सांगाडा. दोन लांब लोखंडी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे चॅनेल, अशी ती एक आडवी निजवलेली शिडी. इंजिन, केबिन, माल, सगळे तिच्यावर बसते. दादाला हवी होती ती शिडी पुढे केबिनखाली खोल उतरून पुन्हा वर येणारी. केबिन तेवढीच खाली आली, तर बैठक बाजेच्या उंचीवर येईल. आधी बसायचे, मग पाय आत ओढून घ्यायचा, आणि क्लच पायाऐवजी हाताने ओढायचा. अशी चासी कुठे विकत मिळत नाही. भुसावळला भंगारात निघालेल्या एका नाकवाल्या, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे असलेल्या, ट्रकचे इंजिन, आस आणि चाके त्याने मनात आधीच हेरून ठेवली होती. परवान्याचे सोपस्कार तिथलाच एक ओळखीचा बॉडी बांधणारा पाहणार होता. राहिला होता तो मधला सांगाडा. तो जमला नाही तर दादा पुन्हा भिंतीकडे वळणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि आम्ही कामाला लागलो.

त्या वैशाखातल्या संध्याकाळी मला अजून स्वप्नात दिसतात. किंबहुना त्या घडल्या तेव्हाही त्यांचा पोत स्वप्नाचाच होता. दिवसभर पेटलेले आकाश उतरू लागे, कुठल्याशा बागेतून केळीच्या ओल्या पानांचा गारवा पाटाच्या पाण्याबरोबर गावात शिरे, आणि अंगणातल्या निंबाची सावली लांबत लांबत रांगोळीच्या ट्रकखालून पलीकडे सरके. सावली मागे जाई म्हणून ट्रक पुढे गेल्यासारखा दिसे. दादा तेवढ्या वेळेची वाट पाहत असे. मग तो माझ्या खांद्यावर हात टाकून पांढऱ्या रेघांच्या आत येई, चालकाच्या जागी ठेवलेल्या स्टुलावर बसे, ताठ पाय डाव्या अंगाला लांब सोडी, आणि भंगारातून आणलेले जुने स्टिअरिंग दोन्ही हातांत धरी.

“बस मागं,” तो मला म्हणे. “माल नीट बांधला का?”

मी मागे आडव्या रेघेवर बसे. माल नीट बांधला आहे असे सांगे.

आणि आम्ही निघत असू. दादा गावे सांगे. रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा. त्याच्या आवाजात एक सावकाश लय येई. या गावात चहा चांगला, त्या नाक्यावरचा शिपाई चोंबडा, अमुक घाटात उतरताना गाणे म्हणायचे नाही कारण हात सैल पडतो. नर्मदा आली की तो स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावी. मला नर्मदा खरोखर दिसे. निंबाच्या पानांची सळसळ पाण्यासारखी वाटे, आणि पुलाच्या कठड्यांच्या सावल्या एकामागून एक माझ्या मांडीवरून गेल्याचा भास होई.

वहिनी रेघांच्या बाहेर बसून सुपात ज्वारी निवडत असे. कामासाठी तिला पलीकडे जायचे असले, की ती संबंध ट्रकला वळसा घालून जाई. रेघ तिने स्वतः घातलेली असूनही ती कधी ओलांडत नसे. रांगोळी मोडू नये म्हणून, असे मी समजत होतो.

एकदा, आम्ही ग्वाल्हेरच्या आसपास असताना, तिने हात थांबवून विचारले, “माझी जागा कोठी आहे यात?”

“मालाच्या वर,” दादा म्हणाला. “हवा लागंल मस्त.”

मी मात्र प्रश्नाचे उत्तर प्रश्नाला साजेल असे द्यावे, या माझ्या जुन्या खोडीप्रमाणे सविस्तर बोललो. केबिनची रुंदी अमुक. दादाचा पाय डावीकडे लांब राहणार. त्यामुळे शेजारची बैठक आराखड्यातून काढणे अपरिहार्य होते. शिवाय केबिनचे वजनही त्याने कमी झाले. वहिनीने सारे शांतपणे ऐकून घेतले.

“बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि पुन्हा ज्वारी पाखडू लागली.

लोखंड आले. वेल्डिंगचे मशीन भाड्याने आले. दादा तरुणपणी भुसावळला गॅरेजात राहिलेला असल्यामुळे ते काम त्याच्या हाताला ठाऊक होते. बुटक्या स्टुलावर बसून, काळी काच डोळ्यांपुढे धरून तो सांधे भरू लागला, आणि त्या निळ्या उजेडात त्याची पाठ पुन्हा माणसाच्या पाठीसारखी दिसू लागली. माप, खुणा आणि काटकोन माझ्याकडे होते. सांगाडा जमिनीपासून थोडा उंच राहावा म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांखाली विटांचे ठोकळे द्यायचे ठरले. मी गावातल्या भट्टीवर जाऊन, पट्टीने मोजून, एकाच उंचीच्या विटा निवडून आणल्या. भट्टीवाल्याने विचारले, देव्हारा बांधता का मास्तर? त्या विटा मी चारही कोपऱ्यांना स्वतः रचल्या. त्यांच्यावर लांब चॅनेल निजले, चॅनेलांमध्ये आडवे बसले, आणि शिडी हळूहळू शिडी होऊ लागली.

या सगळ्यात एक साधन मात्र अंगणात कधी आले नाही. गवंडी भिंत उचलताना जिच्या काचेत पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणून पातळी पाहतो, ती पाणसळ. मी परक्या जागी काम करत असतो, तर पहिल्यांदा तीच मागवली असती. पण या अंगणात मी रांगलो होतो. इथे मी आट्यापाट्या खेळलो, इथेच दादाने मला सायकल शिकवली. आपल्या अंगणाला कुणी पाणसळ लावत नाही.

वहिनी पाणी घेऊन येई, काम पाही, आणि जाई. एकदा ती कर्दळीच्या वाफ्याजवळच्या कोपऱ्यात बराच वेळ उभी राहिली. तिथल्या विटेवर तिने पायाचा अंगठा टेकवला. काही बोलेल असे वाटले. दादाने काळी काच बाजूला करून विचारले, “काय वं?” ती म्हणाली, “काही नाई. डोळ्याले जपा.”

सांगाडा पुरा झाला, त्या सकाळी मी त्याचे कर्ण मोजले. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरे सारखी भरली, म्हणजे चौकट काटकोनात होती. मी ते इतक्या अभिमानाने जाहीर केले, की दादाने मला सलाम ठोकला. आता एकच परीक्षा उरली होती. चौकट काटकोनात असूनही पिळलेली असू शकते, ओल्या लाकडाच्या फळीसारखी. आणि पीळ असलेल्या चासीवर चाके चढवली, तर ट्रक रस्ता धरत नाही, भरल्या मालानिशी एका अंगाला ओढत राहतो. ते पाहण्यासाठी चौकटीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यांपर्यंत दोन दोऱ्या ताणून बांधतात. दोऱ्या मध्यावर एकमेकींना टेकल्या, तर सांगाडा सपाट. मध्ये हवा राहिली, तर पीळ.

मी दोऱ्या ताणल्या. मध्यावर एक दोरी दुसरीच्या वरून गेली, आणि दोघींमध्ये माझे बोट सहज शिरले.

मी ते बोट काढून घेतले आणि पुन्हा घातले.

“काय झालं?” दादा म्हणाला.

मी सांगितले. त्याने स्वतः येऊन पाहिले, आणि आमचे सुरू झाले. मी म्हणालो, की त्याने एका बाजूचे सांधे आधी भरले, लोखंड तापले आणि ओढले गेले; क्रम पाळायला मी पहिल्याच दिवशी बजावले होते. तो म्हणाला, की क्रम त्याने पाळला होता, आराखडाच वाकडा असणार. मी आराखडा उलगडून मुद्द्यागणिक उत्तर दिले. माझ्या मुद्द्यांत खोट काढता येत नव्हती. दादा अधिकच चिडला.

“तुझा कागद सपाट असतो, डिगू,” तो म्हणाला. “तुले कागदावरच उभं राहता येतं. जमिनीवर नाई.”

“आणि तुला तर—” मी म्हणालो, आणि थांबलो.



“म्हण,” दादा म्हणाला. “पुरं कर वाक्य. मास्तर ना तू.”

मी आराखडा गुंडाळू लागलो. दादाने हातातली काळी काच चॅनेलवर हलकेच ठेवली, भिंतीचा आधार घेत बाजेपर्यंत गेला, आणि निजला. तोंड भिंतीकडे करून.

वहिनी ओट्यावर उभी होती. तिने ती पाठ पाहिली. मग ती आत गेली, पाण्याने भरलेली बादली घेऊन आली, सांगाड्याजवळ रेघेबाहेरच उभी राहिली, वाकली, आणि सगळे पाणी तिने सावकाश अंगणाच्या मधोमध, सांगाड्याच्या पोटात ओतले.

पाणी क्षणभर जागीच गोल थांबले. मग त्याला जीभ फुटली. ती जीभ लोखंडाच्या तुकड्यांना चुकवत, आडव्या चॅनेलखालून, कर्दळीच्या वाफ्याकडे निघाली. वाफ्याजवळच्या विटेशी तिने वळसा घेतला आणि ती वाफ्यात शिरून दिसेनाशी झाली. इतर तीन विटांपैकी एकीकडेही पाणी गेले नाही.

विटा सारख्या होत्या. जमीन नव्हती. अंगणाचे तीन कोपरे एका पातळीत होते आणि चौथा, दारच्या पाण्याने कर्दळ जगावी म्हणून, आमच्या बापाने कधीकाळी खाली ठेवला होता. वर्षानुवर्षांच्या सारवणाने तो उतार इतका मऊ झाला होता, की डोळ्याला दिसत नव्हता. आणि त्यावर चालत वाढलेल्या आमच्या पायांना तर तीच सपाटी वाटत होती. आज त्या अंगणात फरशी आहे. ती बसवताना गवंड्याने पाणसळ लावून मला चौथ्या कोपऱ्याचा दोष दाखवला, तेव्हा मी त्याच्याशी अर्धा दिवस वाद घातला आणि तो कोपरा खालीच ठेवायला लावला.

पण त्या सकाळी मी नुसता पाण्याकडे पाहत राहिलो. बाज करकरली. दादा वळला होता. तोही पाहत होता.

“तुले माहीत होतं,” तो म्हणाला.

“रोज सडा टाकते मी,” वहिनी म्हणाली. “पाणी कोठी जाते ते मले माहीत नसणार?”

“मग बोलली काबर नाई?”

तिने बादली उपडी करून चॅनेलला टेकवली. हात पदराला पुसले. पुसायला पाणी नव्हते तरी पुसत राहिली.

“इथं पाणी कोठी जाते ते मले माहीत होतं,” ती म्हणाली. “तुमी कोठी जाता, ते कधीच माहीत नव्हतं. पाय मोडला तवा तुमी घरी आले. मोडलेले आले, पण आले. वाटलं, हे काम असंच चालू दे. सरू नाई. तुमी रोज संध्याकाळी निघा, दिल्लीले जा, आन् जेवायच्या वक्ती इथंच असा.” मग बाजेकडे बोट करून म्हणाली, “पण ते नको. ती पाठ नको मले. त्यापरीस जा.”

मला तिथून निघून जावे असे वाटले. परंतु मी सांगाड्याच्या आत उभा होतो, आणि बाहेर पडण्यासाठी त्या दोघांच्या मधून जावे लागले असते.

दादाने पाय खाली सोडला आणि मला हाक मारली. त्याला रांगोळीचा डबा हवा होता. मी तो दिला. मला वाटले, बसायला स्टूल मागेल. पण त्याने दोन्ही हात भुईवर टेकले, ताठ पाय बाजूला लांब केला, आणि घसरत, ओलीत धोतर माखवत, तो आपल्या जागेपर्यंत, म्हणजे जिथे संध्याकाळी त्याचे स्टूल असे तिथपर्यंत गेला. रांगोळी त्याने आयुष्यात हाती धरली नव्हती. चिमटीतून ती भसाभस पडत होती. त्या पुसट जुन्या रेघांच्या आत, चालकाच्या जागेशेजारी, त्याने एक वाकडातिकडा चौकोन काढला.

राहवेना म्हणून मी बोललोच. “तिथे तुझा पाय येतो.”

“येऊ दे,” दादा म्हणाला. “पाय तिच्याकडं राहील. ती सरकून बसंल.” आणि चौकोनाकडे पाहत, कुणाला म्हणून नव्हे असे, तो पुढे बोलला, “घाटात माणूस बोलायला लागते. मी गावांशी बोलत जायचो.”

वहिनी हसली नाही, रडली नाही. “तो चौकोन आहे का पापड?” असे म्हणून तिने त्याच्या हातातून डबा काढून घेतला, त्याच्या रेघा बोटाने पुसल्या, आणि त्याच जागी नीट, सरळ, काटकोनात चौकोन घातला. तो घालण्यासाठी तिला रेघ ओलांडून आत यावे लागले. ती आली.

सांगाडा आम्ही सांध्यासांध्याने कापून मोकळा केला. गावातल्या गवंड्याकडून पाणसळ आणली, आणि चौथ्या कोपऱ्यातल्या विटांवर किती भर घालायची ते वहिनीने दाखवून दिले. केबिनची रुंदी मी नव्याने काढली. ती वाढली, वजनही वाढले, पण माझ्याच आराखड्याविरुद्ध माझ्याजवळ या वेळी एकही मुद्दा नव्हता. संध्याकाळी आम्ही निघत असू तेव्हा मी मागे मालावर असे, आणि पुढे आता दोघे असत. दादा गावे सांगे. वहिनी मधूनच विचारी, इथे उतरायचे का? आणि तो खरोखर ब्रेक लावल्यासारखा थांबे. त्या वैशाखात आमचा ट्रक दिल्लीला फार उशिरा पोहोचू लागला.

सुट्टी सरता सरता दोऱ्या पुन्हा ताणायची सकाळ आली. एका दोरीची दोन्ही टोके मी चॅनेलला घट्ट बांधली. दुसरीचे एक टोक बांधले. दुसरे दादाने मागून घेतले आणि आपल्या बोटाला गुंडाळून, कर्दळीजवळच्या चौथ्या कोपऱ्यात, चॅनेलवर दाबून धरले. मध्यावर पाहायला वहिनी उभी राहिली. निंबाची सावली अजून लहान होती. कुठल्याशा बागेत पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

“टेकल्या का?” दादाने विचारले.

वहिनी वाकली, आणि जिच्यातून रांगोळी पडत असे त्या चिमटीने तिने मी दोन्ही टोकांनी बांधलेली दोरी धरली, किंचित वर उचलली, आणि सोडली. ती दोरी थरथरली. मग तिला टेकलेली दुसरी थरथरली, आणि ते थरथरणे दोरीवरून सरकत सरकत चौथ्या कोपऱ्यापर्यंत, दादाच्या बोटापर्यंत गेले.

“पोचलं,” दादा म्हणाला.